वहिनींचा मधमाश्यांचा तास

तास डंखाविना पार पडला, तर शाळेमागचं आवार वहिनींच्या बारा पेट्यांना कायमचं मिळणार होतं. कुणाला एक जरी डंख बसला, तर तिथे फवारणीचं काम त्यांच्या दिराला. दीर पेस्ट कंट्रोलवाला. एक पाळणारी, एक मारणारा. सासूबाईंनी दोघांच्या जेवायच्या वेळाच वेगळ्या करून टाकल्या होत्या.

आवारात चाळीस मुलं, मागे पालक. वहिनींनी नमुन्याच्या पेटीत धूर सोडला आणि माश्यांनी लगडलेली चौकट उचलली.

"या फुलाफुलांवर फिरल्या नाहीत, तर फळं धरायची नाहीत. औषध मारायचंच असेल, तर या घरी परतल्यावर. आणि अंगावर बसली तर हलायचं नाही."

"वा वहिनी!" फाटकातून दीर म्हणाला. "पोरांत माश्या सोडा, वर न हलायचे धडे द्या!"

"या भाऊजी, पुढे बसा. तुमचंच शिकायचं राहिलंय."

सगळे खिदळले. दिराला ते झोंबलं. ताडताड पेटीपाशी येऊन त्याने एक माशी चिमटीत चिरडली आणि बोटं शर्टाला पुसली. "ही तुमची अन्नदाती!"

वीस वर्षं त्याने माश्या मारल्या, पण विषाने. विषानंतर सूड घ्यायला कुणी उरत नाही. चिरडलेल्या माशीचा वास पोळ्याला चेतवतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"शर्ट काढा, भाऊजी!"

त्याने उत्तरादाखल पेटीला लाथ घातली.

माश्या उसळल्या त्या सरळ त्याच्यावर. पापण्यांवर, ओठांवर, कानात. तो स्वतःलाच थोबाडत सुटला. प्रत्येक थपडेला नवी माशी चिरडायची, वास वाढायचा. पायरीवर आपटून त्याचे दोन दात पडले. तोंडातल्या रक्तातही माश्या. मुलं जागची हलली नाहीत. एकालाही डंख नाही.

"वहिनी..." त्याचा घसा सुजून बंद होत होता.

वहिनींनी मुलांच्या हात धुण्यासाठी भरलेल्या साबणाच्या पाण्याच्या बादल्यांतली एक त्याच्यावर ओतली; त्या पाण्यात माश्या गुदमरून मरतात. तरी पेटीतून झुंड येतच होती. दुसरी बादली त्यांनी पेटीत रिकामी केली. मग तिसरी.

मुख्याध्यापक म्हणाले, "मुलं शहाणी निघाली, पण डंख तो डंखच." आवार गेलं. दीर वाचला, महिन्याभराने दोन दात गमावून फवारायला आला. डॉक्टरांनी त्याच्या अंगातून एकशे बारा काटे काढले होते. मधमाशी माणसाला एकदाच डंख मारते आणि मरते, म्हणजे तेवढ्या त्याच्यापायी गेल्या. त्या पेटीतल्या उरलेल्या वीस हजार वहिनींनी स्वतःच्या हाताने मारल्या.