अंधारात बसायची रीत

खाण बंद झाली तेव्हा सरकारने तिच्या तोंडात काँक्रीट ओतलं, शेजारी औद्योगिक वसाहत उभी केली आणि रस्त्यांना प्रगती मार्ग, समृद्धी मार्ग अशी नावं देऊन हात झटकले. आधी मोज्यांची कंपनी आली. करसवलत संपली तशी ती गाशा गुंडाळून गेली. मग बाहुल्यांचे डोळे बनवणारी आली, तिनेही सवलतीपुरतंच पाहिलं. मग फोटोच्या कागदाची आली. तिने उजेड नको म्हणून शेडच्या खिडक्या काळ्या रंगवल्या, आणि रंग वाळतो न वाळतो तोच लोकांनी कागदावर फोटो काढणं सोडून दिलं. आता त्या शेडमध्ये बटणं बनत होती. बाकीच्या शेडमध्ये कबुतरं होती. त्यांना करसवलत लागत नसल्यामुळे ती टिकली होती.

बटणांच्या शेडची सुपरवायझर एका खाणकामगाराची मुलगी होती, आणि तो खाणकामगार तिच्याच शेडमध्ये पॅकिंगला होता. ही दुसरी गोष्ट कंपनीला ठाऊक नव्हती. सुपरवायझरच्या हाताखाली घरचं माणूस नको, असा कडक नियम होता. पण घरी बसून म्हातारा दिवसभर तिच्या स्वयंपाकातल्या चुका काढायचा, त्यापेक्षा नियम मोडलेला परवडला. शेडमध्ये ती त्यांना "अहो पॅकिंगवाले" म्हणे आणि ते तिला "मॅडम". घरी आल्यावर ते मॅडमची यथेच्छ टिंगल करत.

शेड चालू ठेवायची की कुलूप लावायचं हे ठरवायला एका दुपारी हेड ऑफिसचे साहेब आले. मशिनं पाहिली, एक बटण उचलून त्याच्या भोकातून दिव्याकडे पाहिलं आणि "छान" म्हणाले. तेवढ्यात वीज गेली.

काळ्या खिडक्यांमुळे भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कामगार सगळे जुने खाणवाले. खाणीत दिवा विझला की चालायचं नाही, बोलायचं नाही, आहे तिथे खाली बसायचं. शोधायला आलेला माणूस एकेकाला घरच्या नावाने हाक मारणार, तेव्हा उठायचं. घरच्याच नावाने, कारण अर्धवट शुद्धीतला माणूस हजेरीतल्या नावाला ओ देत नाही. खाण बंद होऊन डोकी पांढरी झाली, तरी ही रीत अंगातून गेली नव्हती.

वीज आली तेव्हा सगळी शेड मांडी घालून गप्प बसलेली होती. साहेब आणि सुपरवायझर, दोघंच उभे.

"संप?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. वीज गेली होती."

"आली ना आता."

"आली. पण त्यांना अजून हाक मारलेली नाही." आणि तिने खाणीची रीत सांगितली.

साहेबांनी ती ऐकली, पटल्याचं मात्र दिसलं नाही. "मग मारा हाका. एक जरी बसून राहिला तर मी संप धरणार, आणि संपवाल्या शेडला कुलूप."

तिने सुरुवात केली. "भोपळ्या." एक काटकुळे आजोबा उठले. "छोटू." छताला डोकं लागेल असा एक जण उठला. "सोन्या." सोन्याला दात नव्हते. एकामागून एक सगळे उठले. पॅकिंगच्या टेबलाशी एक जण तेवढा राहिला.

"अहो पॅकिंगवाले."

पॅकिंगवाले समोर बघत बसून राहिले.

"उठा ना हो," ती दातओठ खात म्हणाली. बापाचा हट्ट तिला जन्मापासून माहीत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तिने उभ्या असलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांना दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं?

"बाबा," ती म्हणाली, "उठा."

बाबा उठले आणि पँट झटकली. "केवढा वेळ लावलास."

साहेब सरळमार्गी निघाले, हे तिचं दुर्दैव. "संप नाही, तेव्हा शेड राहील," ते म्हणाले. "पण नियम आहे, तेव्हा तुम्ही राहणार नाही. लपवलं तुम्ही, वडलांनी नाही. ते राहू शकतात."

तिने पर्स उचलली आणि कोणाकडे न बघता बाहेर पडली. समृद्धी मार्गाच्या वळणावर तिला मागून पावलं ऐकू आली. बाबा होते, डब्याची पिशवी घेऊन.

"तुम्ही कुठे निघालात? तुमची नोकरी आहे अजून. एक पगार तरी येऊ दे घरात. परत जा बघू."

"नाही जात."

"तुम्हाला हाक कोणी मारली होती? मघाशी माझ्या नोकरीवर पाणी पडेपर्यंत जागचे हलला नाहीत, आणि आता आपणहून उठून आलात?"

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काका खाणीत दगावला एवढंच तिला ठाऊक होतं. घरात तो विषय कधी निघत नसे.

"दिवा विझल्यावर तुझा काका असाच उठून एकटा चालायला लागला," ते म्हणाले. "मला त्याची पावलं ऐकू येत होती. मी नियम पाळला. बसून राहिलो."

तिला राग आवरत नव्हता आणि रडूही आवरत नव्हतं. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि त्यांच्या गुडघ्याला झेपेल अशा चालीने दोघं घराकडे निघाले.