टिनेकेकडे ठेवलेले देव

आमच्या आशुतोषला डच सरकारचा लाल पासपोर्ट मिळाला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. आधी तो स्लोटरडाइकला ऑफिसात जायचा, डबा घेऊन, वेळेवर, माणसासारखा. आता म्हणे तो स्वतःचाच साहेब. फोरबर्गच्या घरात खिडकीशी बसतो, वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली चड्डी, आणि कॅमेऱ्यापुढे इंग्रजी झाडतो. साहेबाला कंबरेखाली कोणी बघत नाही म्हणून निभावतंय.

ऑगस्टात मी तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे गेले. पहिला आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी पिठलं वाढत होते, तेव्हा त्याने विषय काढला.

"आई, नोव्हेंबरपासून आम्ही सहा महिने मेक्सिकोला राहणार आहोत."

"कोण आहे तिथे आपलं?"

"कोणी नाही."

"मग कशाला?"

"समुद्र आहे, ऊन आहे. माझं काम काय, लॅपटॉप उघडला की कुठूनही होतं."

"समुद्र इथेही आहे. परवाच स्खेव्हेनिंगनला नेऊन दाखवलास."

"तो थंड आहे, आई."

"तू काय पाण्यात बसून काम करणार आहेस?"

माझी सून ईशानी ताटात बघून हसली आणि तिने मला फोनवर फोटो दाखवला. झाडाला झोळी बांधलेली, झोळीत दाढीवाला बाप्या पडलेला, पोटावर लॅपटॉप. गावाचं नाव सायुलिता. मला आधी वाटलं कुणाच्या मुलीचं नाव असेल.

"आणि ही तुझी इथली गिऱ्हाइकं, ती सकाळी उठतात तेव्हा तिथे किती वाजलेले असतात?"

"मध्यरात्र उलटलेली असते," ईशानी म्हणाली. ती खोटं बोलत नाही, हा तिचा गुण.

"म्हणजे रात्रभर काम करायचं आणि दिवसभर झोपायचं. मग ते ऊन कोण बघणार? शेजारी?"

आशूने पिठलं जास्त मागितलं. उत्तर नसलं की तो लहानपणापासून पिठलं मागतो.

मला हे थांबवायचं होतं. भोरला दुपारी मी चहा ठेवते तेव्हा मला ठाऊक असतं, की आशू आत्ता त्या खिडकीशी आहे, समोरच्या कालव्यातून एखादी होडी चालली आहे, मागे कोपऱ्यात देव आहेत. तेवढं डोळ्यांपुढे आलं की माझा चहा गोड लागतो. झोळी मला डोळ्यांपुढे आणता येईना. शिवाय आज सहा महिने, उद्या आणखी कुठलं तरी बेट. रडून मुलाला अडवणाऱ्या आया वेगळ्या. मला रडणं शोभत नाही, नाक लाल होतं.

म्हणून मी देव पुढे केले.

लग्नात आम्ही ह्या दोघांना देवाचे टाक करून दिलेत, एक तुळजाभवानीचा, एक घोड्यावरच्या खंडोबाचा. ईशानीच्या माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आहेत. मी म्हणाले, "देव घरात ठेवून सहा महिने कुलूप लावायचं नाही. आमच्या घरात तसं कोणी केलेलं नाही, मी जिवंत असताना होणार नाही. झोळीत देव बसत नाहीत. आता बोला."

मला वाटलं, संपलं. ईशानी शांतपणे म्हणाली, "टिनेके करेल की. कुठे गेलो की आपल्या झाडांना तीच पाणी घालते. किल्ली तिच्याकडे असतेच."

टिनेके म्हणजे शेजारची म्हातारी. म्हातारी म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठी, एकटी, उंच, केस कापलेले, सायकलवरून बटाटे आणते. निवृत्त नर्स. मी म्हणाले, "झाडं आणि देव एकच का?"

"तुम्ही शिकवा तिला. तुम्हाला पटलं तरच ठेवू," ईशानी म्हणाली.

पटणं न पटणं माझ्या हातात होतं. मी लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टिनेके आली. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "जयंती." लग्न झाल्यापासून मला कोणी नुसत्या नावाने हाक मारलेली नाही. आमच्या ह्यांनी उभा संसार 'अगं'वर काढला. मी ईशानीला म्हटलं, हिला सांग, मी सासू आहे. ईशानीने काय सांगितलं कोण जाणे, टिनेके जोरात हसली आणि पुन्हा जयंतीच म्हणाली.

ती बूट घालून देवांपुढे आली. मी पायांकडे बोट दाखवलं. तिने बूट काढले. मग मी विचारायला लावलं, आंघोळ झाली का. ईशानीचे कान तापले, पण तिने विचारलं. टिनेकेने मान हलवली, संध्याकाळी करते. मी म्हणाले, देवाला ते चालत नाही. झालं, आता ही रागावणार आणि जाणार. त्यांच्यात असं विचारत नाहीत, मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला बेल वाजली. टिनेके दारात उभी, केसांतून पाणी गळतंय, खांद्यावर टॉवेल, पुरावा म्हणून.

मी एकेक अवघड करत गेले. भवानीला कुंकू लावायचं ते अनामिकेने. बाळकृष्णाला कोमट पाणी, थंड नाही. तिने हाताचं कोपर पाण्यात घालून पाहिलं, तान्ह्या मुलाचं बघतात तसं. अन्नपूर्णा तांदळात का उभी, असं तिने विचारलं. मी म्हणाले, तिचं घर आहे ते. तिने मान डोलावली आणि त्यानंतर कधी त्या तांदळाला धक्का लागू दिला नाही. एकदा मी मुद्दाम चार उदबत्त्या लावल्या, तर छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. आशू मीटिंगमधून चड्डीवर पळत आला. टिनेकेने खुर्चीवर चढून ते बंद केलं, खाली उतरली, आणि राहिलेली घंटा वाजवून पूर्ण केली.

खंडोबाचा टाक तिने बराच वेळ हातात धरला. ईशानीला काहीतरी विचारलं.

"ती म्हणतेय, हा ओळखीचा वाटतो," ईशानी म्हणाली. "ह्यांच्याकडेही एक म्हातारा साधू पांढऱ्या घोड्यावरून डिसेंबरात येतो, मुलांना खाऊ देतो. मुलं चुलीजवळ बूट ठेवतात आणि बुटात घोड्यासाठी गाजर."

"आमचा खंडोबा खाऊ वाटत फिरत नाही म्हणावं. दैत्य मारतो."

टिनेके म्हणाली, छान.

माझी अडचण अशी होती की मला दोष सापडेना. मग नैवेद्याच्या दिवशी सापडला. मी म्हणाले, आज तू तुझ्या मनाने काहीतरी दाखव. तिने घरून कॉफीचा कप आणला, बशीत एक बिस्किट ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत.

"एक?" मी म्हणाले.

"इथे कॉफीबरोबर एकच देतात, आई," आशू म्हणाला.

"पाहुण्याला?"

"पाहुण्याला पण."

"चार देव आहेत. एक बिस्किट चौघांत?"

टिनेकेला सांगितल्यावर तिने थोडा विचार केला, बिस्किटाचे चार तुकडे केले आणि चौघांपुढे एकेक ठेवला. सारखे. मोजपट्टी लावली असती तरी फरक निघाला नसता. मी आत जाऊन भांडी आपटली.

मग तिने मला कॉफीला बोलावलं. भिंतीला भिंत लागून घर, पण आमंत्रण पुढच्या बुधवारचं. मी गेले. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या, आणि खरं सांगायचं तर बरं चाललं होतं. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे हे मला फोटो आणि हातवाऱ्यांवरून कळलं. मी माझ्या मुलाबद्दल झोळी करून दाखवली. तिने कपाळाला हात लावला. इतकं मला ह्या देशात कोणी समजून घेतलेलं नव्हतं.

मग मी तिच्या संडासात गेले.

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं. तारखांपुढे नावं लिहिलेली, ती मला वाचता येत नाहीत. पण ऑगस्टच्या पानावर पेन्सिलीने एक रांगणारं बाळ काढलेलं, हातात लोण्याचा गोळा. मी पुढची पानं उलटली. डिसेंबरात घोडेस्वार, डोक्याला पगडी, हातात तलवार.

आमचा बाळकृष्ण. आमचा खंडोबा. संडासात.

मी कॉफी अर्धी टाकून घरी आले. आशू कॅमेऱ्यापुढे होता, मी कॅमेऱ्यात शिरले. "बंद कर ते. मेक्सिको रद्द. तुझ्या त्या बाईने देव संडासात टांगलेत."

त्याने घाईने लॅपटॉप मिटला. ईशानी आतून आली. मी सगळं सांगितलं, आणि मला मनातून इतका आनंद झाला होता की राग दाखवायला कष्ट पडत होते.

ईशानी म्हणाली, "आई, ते वाढदिवसांचं कॅलेंडर आहे. इथे सगळ्यांकडे तिथेच असतं. रोज नजरेला पडावं, कुणाचा वाढदिवस चुकू नये म्हणून. तिने मला देवांच्या तारखा विचारल्या होत्या. मी गोकुळाष्टमी आणि चंपाषष्ठी सांगितली."

"तिथी दर वर्षी फिरते, हे सांगितलंस?"

"ते राहिलं."

"फक्त घरच्यांची नावं लिहितात त्यात," आशू म्हणाला. "जवळच्या माणसांची. तिचा मुलगा, तिचा गेलेला नवरा, असे." मग माझ्याकडे वळला. "आमचं आहे का?"

"काय?"

"माझं नाव. एकोणीस ऑक्टोबर. पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. डिसेंबरापर्यंत जाताना ऑक्टोबरचं पान उलटूनच पुढे गेले होते. एकोणीसपुढे काही नव्हतं.

"कोरं आहे," मी म्हणाले.

"चार वर्षं राहतोय आम्ही इथे."

"आपण तिला कधी वाढदिवसाला बोलावलंच नाही," ईशानी म्हणाली. "आपण दर वर्षी आइंडहोवनला मित्राकडे, कुणालकडे जाऊन केक कापतो. टिनेकेला फक्त किल्ली देतो."

माझा संडासाचा मुद्दा बाजूला राहिला, पण हातात त्याहून चांगला आला. मी खुर्ची ओढली. "बघ आशू. देवांना येऊन चार वर्षंच झाली, तेही कोपऱ्यात बसून, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं नाव लागलं. तुझ्याकडे लाल पासपोर्ट आहे, ह्यांची भाषा येते, आणि शेजारणीच्या संडासात तुला जागा नाही. आता तिसऱ्या देशात जाऊन झोळीत पड. तिथे तुझी तारीख कोण लिहिणार? माडावरची माकडं?"

त्याने पिठलं मागितलं नाही. पिठलं केलेलंच नव्हतं. तो खिडकीतून कालव्याकडे बघत बसला. मला थोडं वाईट वाटलं. जास्त नाही.

एकोणीस तारखेला त्याने टिनेकेला बोलावलं, आठ दिवस आधी सांगून, त्यांच्या रीतीने. कुणाल आणि त्याची बायको आले, आणखी दोन घरं आली. टिनेके आली, आणि आशूच्या आधी माझ्याकडे आली. माझा हात धरून जोरजोरात हलवला आणि अभिनंदन केलं.

"माझा वाढदिवस नाही म्हणावं," मी ईशानीला म्हणाले.

"इथे सगळ्या घरच्यांचं अभिनंदन करतात, आई. तुमचं मुलाबद्दल."

इतकी वर्षं झाली. बाळंतपण माझं, कळा माझ्या, आणि केक कापून टाळ्या घेतो हा. पहिल्यांदा कुणाला तरी मूळ कारण सुचलं. मी टिनेकेला पुरणपोळी वाढली. तिने एक खाल्ली आणि थांबली. मी दुसरी टाकली. तिने हात आडवा धरला. मी हाताच्या खालून तिसरी टाकली. आमच्याकडे कसं असतं ते तिलाही कळायला हवं.

जाताना तिने पर्समधून डायरी काढली आणि आशूला काहीतरी सांगितलं. तो लहान मुलासारखा लाजला.

"जानेवारीत तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. आम्हाला बोलावलंय. मुलगा ऑस्ट्रेलियाहून येतोय. आम्ही त्याच्या शेजारी बसायचं म्हणतेय."

"तेव्हा तू झोळीत असशील."

"नाही म्हणता येणार नाही, आई. तिने पेनाने लिहिलंय."

मेक्सिको रद्द झालं नाही. पण सहा महिन्यांचे दोन झाले, आणि परतीची तिकिटं आधी काढली गेली. मला हवं होतं तेवढं सगळं मिळालं नाही, पण सोडलेलं कमी आणि मिळालेलं जास्त, हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. देव टिनेकेकडे राहिले. म्हणजे घरातच राहिले, ती येत गेली.

मी भोरला परत आले. आशू सायुलिताहून दोन दिवसांतून एकदा फोन करायचा, डोळे सुजलेले, जांभया देत. ऊन कसं आहे विचारलं तर म्हणाला, ऐकलंय चांगलं आहे म्हणून. टिनेकेचा मात्र रोज फोटो यायचा. आमच्या दुपारच्या चहाला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. दिवा, फूल, बिस्किटाचे चार तुकडे. देवांमागच्या आरशात कधी कधी तिचे ओले केस दिसायचे. माझा चहा गोड लागायचा.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी ईशानीकडून तिला निरोप धाडला, की खंडोबाला उद्या वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असतो. कसं करायचं तेही सांगितलं, विस्तवावर भाजण्यापासून. ते यंत्र बोंबलेल हे माझ्या लक्षात राहिलं नाही, तिच्या राहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. खंडोबापुढे अख्खं वांगं, धुऊन पुसून चकचकीत केलेलं, देठासकट. त्याला हळद लावलेली. शेजारी दुसऱ्या बशीत एक गाजर.

खाली तिचं लिहिलेलं होतं, ते ईशानीने मराठीत करून पाठवलं. "जयंती, वांगं त्याचं. गाजर घोड्यासाठी. बूट तुमच्या देवाजवळ चालत नाही हे लक्षात आहे, म्हणून बशीत ठेवलं."

आमच्या घरात खंडोबाला भरीत-रोडगा दाखवणारी मी कितवी सून, मला सांगता येणार नाही. इतक्या सगळ्या जणींत एकीलाही घोडा सुचला नाही.

भरीत तयार होतं, रोडगा तव्यावर होता. मी उठले, टोपलीतलं एक गाजर काढलं, धुतलं, आणि देवघरात जाऊन टाकातल्या घोड्यापुढे ठेवलं. आमच्या ह्यांनी विचारलं, हे काय नवीन. मी म्हणाले, आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तुमचं लक्ष नसतं.