वरून पेटवलेली शेगडी

स्कोगदालच्या खोऱ्यात हिवाळ्यात एवढा धूर का साचतो, असं कोणी अर्नफिनला विचारलं की तो हमरस्त्याकडे बोट दाखवायचा. ट्रकांमुळे. हमरस्ता बर्फाने बंद असला, तर शेजारच्या टोलेफच्या जुन्या ट्रॅक्टरमुळे. स्वतःच्या घरावरच्या धुराड्याकडे त्याचं बोट चुकूनही वळायचं नाही. लाकडाचा धूर हा मुळी धूरच नव्हे, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याची बायको गुदनी हे मत लग्नापासून ऐकत आली होती. पण आता तिची फुप्फुसं थकली होती. वारा पडून थंडी वाढली, की डोंगरांमधल्या त्या खोलगट जागेवर गार हवेचं झाकण बसायचं आणि गावातल्या साऱ्या शेगड्यांचा धूर त्याखाली कोंडून राहायचा. गेल्या हिवाळ्यात तिला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की यंदाचा जानेवारीही असाच गेला तर यापुढचे सगळे हिवाळे समुद्रकाठी बहिणीकडे काढायचे. बहीण बोदिल प्रेमळ होती, पण उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची, आणि अर्नफिन काही मेंढ्या सोडून तिकडे जाणार नव्हता. म्हणजे म्हातारपणी नवरा इकडे, बायको तिकडे, तेही त्याच्याच शेगडीपायी. गुदनीला याचा संताप यायचा. रडूही यायचं, पण ते ती गोठ्यात मेंढ्यांसमोर उरकून यायची.

हवेसाठी धडपडणारी माणसं गावात नव्हती असं नाही. नगरपालिकेतर्फे धुराडी साफ करणारी सिगरून होती, हवा मोजणारा एक तरुण इंजिनिअर होता, डॉक्टरीणबाई होत्या आणि गुदनीसारखे काही गावकरी. त्यांनी खिडक्यांबाहेर हवा मोजायची छोटी यंत्रं लावली. घरोघरी पत्रकं वाटली. जाड ओंडके खाली ठेवा, ढलप्या वर रचा, काडी वरून लावा आणि हवेची झडप उघडी ठेवा, एवढंच त्यात लिहिलं होतं. लोकांनी पत्रक वाचलं आणि त्याच कागदाने शेगडी पेटवली. खालून.

"आग वर चढते हे कोकराला पण कळतं," अर्नफिन म्हणाला. "वरून पेटवायला ती काय मेणबत्ती आहे?"

"मेणबत्तीच समजा," सिगरून म्हणाली. "तिचा कधी धूर होतो का? ज्योत वर असली, की खालून येणारा धूर तिच्यातच जळून जातो."

त्यातून त्या खोऱ्यातली आणखी एक खोड म्हणजे काटकसर. झोपताना झडप जवळजवळ बंद करून टाकायची, म्हणजे ओंडका सकाळपर्यंत पुरतो. तो पुरायचा खरा, पण रात्रभर धुमसत आणि धूर ओकत. ज्याचा ओंडका सकाळपर्यंत टिकला तो शहाणा संसारी, असा हिशेब असल्यावर कोण कशाला ऐकतंय?

नोव्हेंबरात सिगरूनने समाजघराच्या अंगणात दोन सारख्याच शेगड्या मांडल्या आणि एक पेटवायला सगळ्यांदेखत अर्नफिनला बोलावलं. तो ऐटीत पुढे झाला. त्याने खालून पेटवली, तिने वरून. बघता बघता त्याच्या नळीतून पिवळट धुराचा लोट निघाला आणि बघे खोकत मागे सरले. तिच्या नळीवर हवा नुसती थरथरत होती.

"लाकूड ओलं दिलंत मला," अर्नफिन म्हणाला.

"लाकूड तुमच्याच ढिगातलं आहे, अर्नफिन. दोन्हीकडचं."

सगळे हसले. टोलेफ जरा जास्तच हसला. अर्नफिन तडक घराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी गुदनी स्वयंपाकघरात आली तेव्हा तो शेगडीपुढे गुडघे टेकून, ढलप्या वर रचत होता. काडी लावून तो तसाच बिनटोपीचा अंगणात गेला आणि स्वतःच्या धुराड्याकडे पाहत उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"किती वर्षं गं?"

"कसली?"

"मी तुला हा धूर पाजतोय."

गुदनीला एकदम भरून आलं. पण ही वेळ रडण्याची नाही हे तिला कळत होतं. "ते राहू दे," ती म्हणाली. "आता गावाला शिकव."

"सिगरूनचं ऐकत नाहीत, माझं काय ऐकणार?"

"अरे, ती विनंती करते. विनंतीला आपल्याकडे कोण भीक घालतो? दुग्नाद पुकार."

अर्नफिन तिच्याकडे बघतच राहिला. दुग्नाद म्हणजे गावाचं काम गावाने मिळून करायचं, मजुरी नाही, शेवटी वाफलची गोड, जाळीदार धिरडी आणि कॉफी. स्कोगदालमध्ये माणूस चर्च चुकवेल, सख्ख्या भावाशी अबोला धरेल, पण दुग्नादला घरी बसला तर त्याला दुकानात तोंड दाखवायची सोय नाही. शिकल्यासवरलेल्या मंडळींनी पत्रकं काढली, आकडे मांडले, आणि एवढी साधी गोष्ट कोणालाच सुचली नव्हती. ऐकल्यावर सिगरूनने कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी अख्खा गाव बाहेर पडला. टोळ्या घरोघर फिरल्या. ओलं लाकूड निवडून वाळायला वेगळं रचलं, सिगरूनने धुराडी खरवडली, इंजिनिअरने ओंडके वाहिले. आणि प्रत्येक शेगडीपुढे अर्नफिन, ढलप्या वर रचायला आणि झडप उघडी ठेवायला शिकवत, जन्मभर हेच करत आल्यासारखा.

टोलेफ दारातच अडून बसला. "परवापर्यंत तू स्वतः खालून पेटवत होतास."

"परवा मी मूर्ख होतो," अर्नफिन म्हणाला. "आज तुझी पाळी. सरक बाजूला."

टोलेफ सरकला.

जानेवारीत वारा पडला. थंडी अशी की नाकातले केस गोठावेत. झाकण बसलं. गुदनी बॅग भरून तयार होती आणि रोज उठून खिडकीशी जात होती. असल्या दिवसांत नदीपलीकडचं चर्च धुरात नाहीसं व्हायचं. या वेळी ते जागच्या जागी होतं, कळसावरच्या वारा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासकट. आठवडाभर.

शेवटी इंजिनिअरचा फोन आला. "यंत्र बिघडलंय असं वाटून मी दुसरं लावलं. ते पण तेच म्हणतंय. हवा चांगली आहे, गुदनी. खरंच चांगली आहे."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पुन्हा तपासली आणि म्हणाल्या, कुठेही जायचं कारण नाही. त्या संध्याकाळी समाजघरात वाफलचं पीठ संपेपर्यंत लोक हलले नाहीत. गुदनीने बोदिलला कळवलं, की यंदा तूच ये. बोलायला इथे गावभर माणसं आहेत.

फेब्रुवारीत पलीकडच्या खोऱ्यातून बस भरून माणसं आली. तुमची हवा अशी सुधारली कशी, ते त्यांना पाहायचं होतं. अर्नफिनने त्यांना आपल्या शेगडीपुढे बसवलं आणि घसा साफ केला.

"आमच्या खोऱ्यात," तो म्हणाला, "पूर्वापार वरूनच पेटवतात. माझ्या आजोबांपासून."

सिगरूनने चमकून गुदनीकडे पाहिलं. पडलो तरी नाक वर, ते हेच. गुदनीने दीर्घ श्वास घेतला. त्याला सर्वांदेखत खोटं पाडायला लागेल तेवढा श्वास आता तिच्यापाशी होता, आणि पुढच्या हिवाळ्यात, त्याच्या पुढच्याही हिवाळ्यात, इथेच, याच घरात, ते करायला वाटेल तेवढा वेळ होता.

"खरं आहे," ती पाहुण्यांना म्हणाली. "कॉफी घ्या."