पलीकडची कढई

“पलीकडची कढई गप असली, तर आधी हाक मारायची. मंग आपली चुलीवर ठिवायची. ध्यानात राहील ना, कालिजवाले?”

कन्नडला लेकीच्या बाळंतपणाला निघताना मनकर्णाबाईंनी उंबऱ्यातच थांबून सुनेला बजावलं होतं. वच्छला हसली होती. दिवेलागणीला केर काढू नको, पोराला दारात निजवू नको, त्यातलंच हे एक. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या मुलीनं कढईचं काय ऐकायचं?

आज मात्र तिनं ऐकलं होतं. म्हणजे, ऐकू काहीच आलं नव्हतं.

शहागंजच्या मागच्या त्या गल्लीत दोन स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीतली एक वीट निघालेली होती, ती कुणी परत बसवलीच नाही. पलीकडं जैतुनबी राहायची, वच्छलाची खाला. तिचा मुलगा गयास हिमरूचं कापड विणायला मागावर बसायचा, आणि भजं तोंडी लावायला नसलं तर त्याला भाकरी गिळवत नसे. आईविना वाढलेली नात, राहत, दादीच्या हाताखाली कांदे चिरायची. रोज ऊन उतरलं की भिंतीपलीकडं चर्र वाजायचं, ओव्याचा वास यायचा आणि विटेच्या खिंडीतून पहिल्या घाण्याची कटोरी पुढं सरकायची. “ले गे दुल्हन. जळके वेगळे काढून ठेवले, ते गयासला.”

काल वाजलं नाही. आजही नाही.

‘तेल संपलं असेल,’ वच्छलानं मनाशी ठरवलं. ठरवलं खरं, पण हात थांबेना. पाळण्यातल्या फकिराच्या कपाळाला तिनं दिवसभरात किती वेळा हात लावला असेल, तिलाच ठाऊक. दर्ग्याला बोललेलं हे पोर, म्हणून आजीनं नाव फकिरा ठेवलेलं. गावात देवीची साथ होती. देवी टोचणारा गल्लीत आला तेव्हा हीच शिकलेली बाई पोराला कडेवर घेऊन माडीवर जाऊन बसली होती. दात येत होते, अंग कोमट होतं. टोचल्यावर ताप चढला तर?

बसून राहण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून तिनं डाळीचं पीठ काढलं. आज आपणच खालाला पहिला घाणा द्यायचा. कांदा, मीठ, ओवा, तिखट, वरून कडकडीत तेलाचं मोहन. चुलीवर करडईचं तेल तापलं. पिठाचा थेंब टाकला तो तळाला जाऊन लगेच वर आला. पहिली भजी सुटली, पसरली, जरा चपटीच झाली. दुसरा घाणा कढईत सोडून तिनं पहिल्याची कटोरी खिंडीत ठेवली.

“खाला! आज माझ्या हातची!”

कटोरी तशीच राहिली. नेहमीचा, बांगड्या मागं सारलेला हात आला नाही.

“दुल्हन,” भिंतीपलीकडून आवाज आला, अगदी दबका. “पहले कढई उतार गे. घर में माता आयी है. राहत कू.”

देवी आलेल्या घरात तळण नाही, फोडणी नाही. शेजारच्या चुलीवरही नाही, वासानं माता कोपते. हे गल्लीतली हिंदूंची घरं पाळत, मुसलमानांचीही पाळत. वच्छलाचा यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी तिनं पदराच्या बोळ्यानं कढई अशी ओढली की तेल मनगटावर सांडलं. आत अर्धीकच्ची भजी तरंगत राहिली.

“आधी का नाही सांगितलं, खाला?”

“तू हाक मारली का?”

वच्छलानं पाळण्याकडं पाहिलं. परवाच खालानं फकिराला मांडीवर खेळवलं होतं.

“पोराला टोचवलं का गे?”

“नाही.”

“कल सुबह दवाखाने को ले के जा. ताप आला तर येऊ दे, ताप जातो. और वो कटोरी को मेरा हाथ नक्को लगवा, वापस ले.” मग लगेच, “भज्याचं पीठ पातळ केलंस ना? आवाज कैसा फुसफुस आया.”

अशा वेळीही!

सकाळी वच्छला पोराला घेऊन दवाखान्यात जाऊन बसली. दंडावर लस टोचली गेली तेव्हा फकिरापेक्षा तीच जास्त रडली. दुपारी तिचे यजमान बद्रीनाथ कचेरीतून धावत आले आणि माय-लेकराला कन्नडच्या मोटारीत बसवून मोकळे झाले. निघताना ती खिंडीशी वाकली. “खाला, येते.”

“हौ. पीठ घट्ट भिजवायला शिकून ये.”

कन्नडला फकिराला ताप आला, दंडावर फोड आला, खपली धरली. पोर वाचलं. वच्छलाचं चित्त मात्र भिंतीपाशीच. नणंदेच्या घरी काही तळायला घेतलं की ती उठून अंगणात जायची. “हिला वास सोसंना,” बायका एकमेकींना खुणावायच्या. “दुसऱ्यांदा दिवस गेले जणू!”

साथ ओसरल्यावर ती सासूबरोबर परतली. गाठोडंही न सोडता तिनं भिंतीला कान लावला.

चर्र.

ती मोठ्यानं हसली. “खाला! आले मी!”

पलीकडं झारा वाजला. खिंडीतून कटोरी पुढं आली. ती धरणारा हात लहान होता, त्यावर ताजे खोल वण होते.

“दादी कुठंय गं?”

“दादी गई ना चाची. मेरे कू माता उतरी और उसकू चढी.”

मनकर्णाबाईंनी पुढं होऊन कटोरी घेतली. वच्छलानं एक भजं मोडलं. चपटं, मधे कच्चं.

“कैसे हुए?” पलीकडून राहतनं विचारलं.

छान झालेत, असं ओठावर आलं होतं. “पीठ पातळ झालं गं,” वच्छला म्हणाली. “उद्या घट्ट भिजव. मी इथंच उभी राहते.”

“हौ.” पलीकडं झारा पुन्हा वाजला. “दादी भी यहीच बोलती.”

पुढं बद्रीनाथांची नांदेडला बदली झाली. तिकडच्या भिंतीतून काही ऐकू येत नाही. औरंगाबादेकडं जाणारा कुणीही भेटला की वच्छला त्याला अडवते, आणि तुम्हालाही तिचं एवढंच मागणं आहे. शहागंजवरून गेलात, तर मागच्या गल्लीत थोडं आत जा. बाप मागावर असतो, पोर एकटी असते. ऊन उतरताना भिंतीशी उभं राहून ऐका. कढई वाजत असली तर या निघून. गप असली तर पुढं जाऊ नका, राहतला हाक मारा.