चांगुणाचं रक्त

चांगुणाला नगरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिला पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. बोटांचे सांधे सुजून टचटचीत झालेले, अंगात महिनाभर ताप आणि नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला तांबडा चट्टा. बरोबर तिचा भाऊ सहादेव होता. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडच्या डोंगरातून तो दोन एस.टी. बदलून आला होता.

"गावात रक्तपिती म्हनत्यात," त्यानं खाली मान घालून सांगितलं.

डॉ. दीना भिंगारदिवेला तो चट्टा पाहूनच वेगळी शंका आली. १९७२चा जानेवारी महिना होता. त्याआधीची तीन वर्षं तिनं पुण्यात डॉ. मोडकांच्या प्रयोगशाळेत काढली होती, एकाच प्रश्नामागे. जे रक्त बाहेरच्या जंतूंशी लढायचं, ते कधी कधी आपल्याच शरीरावर का उलटतं? सांध्यांचे, कातडीचे, मूत्रपिंडांचे काही आजार या उलटण्यातूनच होतात एवढं कळलं होतं. ते उलटतं का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नगरच्या जुन्या नोकरीवर परतल्यावर तिनं दवाखान्यातली एक अडगळीची खोली मागून घेतली होती आणि रुग्ण तपासून उरलेला सगळा वेळ ती तिथंच असायची. सहकारी म्हणायचे, या बाईला बसून चहा पिताना कुणी पाहिलेलं नाही.

तिनं चांगुणाचं रक्त स्वतः काढलं, दोन तास उबेत ठेवलं आणि काचपट्टीवर पसरलं. सूक्ष्मदर्शकाखाली जे शोधत होती ते दिसलं. एका पांढऱ्या पेशीनं दुसऱ्या पेशीचा गाभा अख्खा गिळला होता. ल्युपस, रक्त आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार. आपल्याकडे हा आजार फारसा नाहीच, असं मोठमोठे डॉक्टर सांगत. दीनाला आनंद झाला. खाटेवरची बाई तापानं फणफणली आहे हे तिला क्षणभरानं आठवलं आणि तिची तिलाच शरम वाटली.

ती वॉर्डात गेली. "याआधी कधी दवाखाना केला होतास?"

"हितंच. सहा सालं झाली." चांगुणानं कमरेच्या पिशवीकडे बोट दाखवलं. सहादेवनं त्यातून घडी पडून विरलेला कागद काढला.

रक्ताची तपासणी होती. गरमीच्या रोगासाठी, म्हणजे सिफिलिससाठी. पॉझिटिव्ह. खाली सही होती दीनाची.

चांगुणानं सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं, दुसरंही तसंच. तेव्हा सासरच्यांनी नवराबायकोला नगरला तपासायला आणलं. नवऱ्याचं, गोरक्षचं, रक्त चांगलं निघालं आणि तिचं वाईट. गावी शाळेच्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला. नवरा चांगला मग हिला रोग आला कुठून, एवढाच प्रश्न राहिला, आणि त्याचं उत्तर ज्यानं त्यानं आपलं आपण काढलं. सासू आक्काबाईनं तिचं गाठोडं अंगणात टाकलं. त्याच कागदासकट.

दीना तडक जुन्या नोंदवह्यांच्या कपाटाकडे गेली. सहा वर्षांपूर्वीचं पान सापडायला वेळ लागला नाही. एका ओळीत चांगुणा, पॉझिटिव्ह. खालच्याच ओळीत गोरक्ष, निर्दोष. अक्षर तिचंच, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरीचं टापटीप अक्षर. ती चाचणी दुसऱ्या आजारातही फसवी येते हे तिनं तेव्हाही वाचलेलं होतं. दोन ओळी एकीखाली एक लिहिताना तिचा हात अडखळायला हवा होता. त्या दिवशी तिनं साठ नमुने तपासले होते आणि साठही कागदांवर सह्या केल्या होत्या.

चांगुणाचं रक्त बर्फात घालून ती स्वतः पुण्याला घेऊन गेली. तिथं अधिक खात्रीची चाचणी होत असे. निकाल आला तो स्वच्छ. गरमी नव्हती, कधीच झालेली नव्हती.

"उत्तम केस आहे," डॉ. मोडक म्हणाले. "लगेच लिहून काढा."

"सर, तिच्या गावाला सांगायला हवं."

"पत्र पाठवा."

"पहिला कागदही त्यांनी वाचून घेतलाच होता. कागदानंच तिचं घर मोडलं."

मोडकांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "दीनाबाई, चूक चाचणीची आहे, तुमची नाही. इंग्लंडच्या शिष्यवृत्तीसाठी मी तुमचं नाव कळवलंय. तुम्ही गावोगाव माफी मागत फिरलात तर हे काम कोण करणार?"

दीनानं बर्फाचा रिकामा डबा उचलला आणि ती निघाली. परतीच्या गाडीत जागा असूनही ती शिरूरपर्यंत दाराशी उभीच राहिली.

गोळ्या सुरू केल्यावर चांगुणाची सूज उतरायला लागली. एका सकाळी दीनानं खाटेजवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. हा आजार बाहेरून येत नाही, कुणाकडून लागत नाही, आणि त्याच्यामुळेच ती तपासणी खोटी निघाली होती.

चांगुणा खाटेवर उठून बसली. "म्हंजी तवा बी न्हवतं?"

"कधीच नव्हतं."

"आन् कागदावर सही कुनाची हाय?"

"माझी."

चांगुणानं तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस ती दीनाशी बोलली नाही. दीना दिवसातून पाच-सहा वेळा वॉर्डात चक्कर टाकायची, तापाचा तक्ता उचलायची आणि न वाचताच ठेवून द्यायची. तिसऱ्या दिवशी चांगुणा आपणहून बोलली.

"मला सांगून काय उपेग, बाई? मला ठावंच हुतं. तिकडं सांगा. ज्यांनी ऐकलंय त्यांस्नी."

मार्चमधल्या एका रविवारी दवाखान्याच्या जीपमधून दोघी निघाल्या. सहादेव अकोल्यात चढला. भंडारदऱ्याच्या अलीकडे कातळवाडी म्हणून वीस-पंचवीस घरांची वस्ती होती, चांगुणाचं सासर. सहादेवनं आधी निरोप धाडला होता, त्यामुळे मारुतीच्या देवळापुढं माणसं जमलेली होती. गोरक्ष दुसऱ्या बायकोला घरी ठेवून एकटाच आला होता. आक्काबाई खांबाला टेकून बसली होती.

प्रवासभर जुळवलेली वाक्यं दीना विसरली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी दवाखान्यानं एक कागद दिला होता. तो मी लिहिला. तो चुकीचा होता. चांगुणाला तो रोग कधीच नव्हता. तिच्याकडून काही वावगं घडलेलं नाही. चूक माझी आहे."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "इतक्या वर्सांनी सुचलं व्हय?"

"हो," दीना म्हणाली. "उशीर झाला."

आक्काबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मंग ती दोन लेकरं कशानं गेली?"

दीनाच्या मनात एक तर्क महिनाभर घोळत होता. जे रक्त आईच्या सांध्यांवर उलटतं, ते पोटातल्या बाळापर्यंतही पोचत असेल का? कुठल्याही पुस्तकात तिला ते ठामपणे लिहिलेलं मिळालं नव्हतं. इथं तो तर्क खरा म्हणून सांगितला असता तर सगळ्यांनी मानला असता. पहिला कागदही मानलाच होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तेच शोधतेय."

आक्काबाई मान हलवत राहिली, पटलं की नाही ते कळेना. गोरक्ष दोन पावलं पुढं आला. "चांगुणा, मी..."

"तू काय बी बोलू नगंस," चांगुणा म्हणाली. "तुजं घर हाय, पोरं हायती. लेकरं कुटं पुरली तेवढं दाव. तवा मला येऊ दिलं न्हवतं."

गोरक्ष पुढं झाला. भाताच्या कोरड्या खाचरांमधून, बांधावरून तो चालला आणि चार हात मागं ठेवून चांगुणा. एका हिरड्याच्या झाडाखाली दोघं थांबली. दीना जीपपाशी येरझारा घालत राहिली. तिला तिकडं बघवेना आणि नजरही हटवता येईना. अर्ध्या तासानं चांगुणा परतली ती एकटीच. जीपमध्ये बसून तिनं पदरानं पायाची माती पुसली आणि म्हणाली, "चला."

ती माहेरीच राहिली. दर महिन्याला नगरला येऊन गोळ्या नेत असे आणि दीनापुढं हात करत असे. "घ्या रगत. कळलं का कशानं?" दीना म्हणे, अजून नाही.

त्या वर्षी दीनानं जुन्या वह्या पानन् पान चाळल्या. बायको पॉझिटिव्ह आणि नवरा निर्दोष अशा सतरा जोड्या निघाल्या. शिष्यवृत्तीला तिनं नकार कळवला, तेव्हा मोडकांनी चार महिने पत्राला उत्तर दिलं नाही. सतरांपैकी अकरा बायका सापडल्या. दोघी सासरी नांदत होत्या, एकीनं दार उघडलं नाही, एक वारली होती. चौघींचे सांधे दुखत होते, आणि त्या चौघींपैकी तिघींची मुलं पोटातच गेलेली होती. तिघी म्हणजे पुरावा नव्हे. पण दीनाला त्या तीनच्या आकड्यानं सुखानं जेवू दिलं नाही.

१९७३च्या दिवाळीनंतर सहादेव एकटाच आला. चांगुणाची मूत्रपिंडं गेली होती. शेवटचा आठवडा ती कुणाला ओळखत नव्हती.

"दहाव्याला गोरक्ष आलता," तो म्हणाला. "लांब हुबा ऱ्हायला. आक्काबाईनं तांदूळ धाडलं." मग त्यानं विचारलं, "बाई, ती विचारायची ते कळलं का?"

"थोडं," दीना म्हणाली. "अजून पुष्कळ राहिलंय."

तिनं त्याला चहा दिला, एस.टी. स्टँडपर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी पारनेर तालुक्यातल्या बाराव्या बाईचा पत्ता, चार काचेच्या नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन ती सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली.