मशेरीचा तवा

मी मशेरीचा तवा बोलतोय. नाक मुरडू नका, एकेकाळी मीही भाकरीचाच होतो. कणकवलीच्या बाजारात एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि शेवंतीने लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला गावाहून येताना पिशवीत घालून मला घाटकोपरला आणलं. डोंगरावरच्या खोलीत मी वर्षानुवर्षं तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. तिचे यजमान जयवंत गिरणीत होते. पुढे गिरणी सुटली, खोल्या पाडून बिल्डिंग उभी राहिली, आम्ही सातव्या मजल्यावर आलो. मग सून आली, ऋतिका, आणि येताना नॉनस्टिक तवा घेऊन आली.

मला वाटलं, चला, आता माळ्यावर पडून राहू. कसलं काय. मला मशेरीला लावलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. तंबाखू तव्यावर टाकायची, काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना घासत बसायचं. शेवंती सकाळी घासायची, जेवल्यावर घासायची, मालिका लागली की पुन्हा घासायची. भाजताना धुराचा असा खाट उठायचा की आठव्या मजल्यावरची माणसं खोकायची. ऋतिका खिडक्या उघडत म्हणायची, "आई, सोडा ना आता हे."

"अगो, दात घासतंय मी. दातांका बरी असता ती," शेवंतीचं उत्तर ठरलेलं.

पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असायचं. शेवंती पुडी कापून माझ्यावर रिकामी करायची आणि चित्र केराच्या डब्यात टाकायची. हे कंपन्यांना कळत नसेल असं मला मुळीच वाटत नाही. चित्र छापायचं कायद्यासाठी, आणि माल विकायचा बारा महिने. एकदा बातम्यांत सांगत होते, हा धंदा जगभर पसरलाय आणि दरवर्षी लाखो माणसं त्यापायी जातात. शेवंतीने चॅनल बदललं. गॅस बंद असूनही मी तापलो होतो.

गेल्या वर्षी बिल्डिंगखाली तोंड तपासायचं शिबिर होतं. आदल्या दिवशी शीतल नावाची आरोग्यसेविका घरोघर यादी करत आली. "मावशी, तंबाखू खाता का?"

"नाय गो बाय. आमचे हे खातत. मी हातपण लावत नाय."

मी तेव्हा ओट्यावर होतो, नुकतीच मशेरी उतरवलेली, अजून कोमट. शीतलने रकान्यात 'नाही' लिहिलं. तपासायला बोलावलं होतं ते फक्त खाणाऱ्यांना. जयवंत खाली गेले, तोंड दाखवून आले, आणि नशीब बघा, त्यांचं तोंड स्वच्छ निघालं. शेवंतीच्या गालात मात्र तेव्हाच पांढरा चट्टा होता. चौथ्या मजल्यावरची नीला माझ्यावर आपली मशेरी भाजायला यायची, तिला शेवंतीने ते सांगितलेलं मी ऐकलंय. नीलाने उपाय सुचवला, जरा जास्त चोळ, बसेल तो. आणि ही चोळत राहिली. लोखंडाला तोंड नसतं, नाहीतर दोघींना चार शब्द सुनावले असते.

दिवाळीत ऋतिकाने पाहिलं, सासू चकली चहात भिजवून खातेय. तिने मोबाइलचा टॉर्च लावला तर तोंड दोन बोटंही उघडेना. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. तिथे काय झालं ते संध्याकाळी ऋतिकाने माझ्यासमोर, ओट्याला टेकून, नवऱ्याला रडत रडत सांगितलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, शेवंतीने उत्तरही तेच दिलं.

"मी म्हटलं, आई, मशेरी सांगा ना. तर म्हणतात कशा, ती काय तंबाखू असता? ता दातवण. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं रे. म्हणाले, कॅन्सर दिसतोय, शिबिरात दाखवलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं."

ऑपरेशनमध्ये गाल गेला, जबड्याचा तुकडा गेला. जिचा आवाज लिफ्टमधून उतरणाऱ्याला आधी ऐकू यायचा, ती शेवंती आता खुणेने पाणी मागते. नळीतून पेज घेते. मला बघवत नाही.

ऋतिकाने मला उचललं आणि दाराबाहेर केराच्या डब्याशेजारी आदळलं. खरंच सांगतो, मला बरं वाटलं. पण नीला शेवंतीला भेटून, तिचे हात धरून पोटभर रडून बाहेर आली आणि मला बघून थबकली. "एवढा जड तवा, असा टाकतात काय गं? आण, मी नेते." ऋतिका पेज द्यायला आत वळली.

आता मी चौथ्या मजल्यावर आहे. नीला रोज मला गॅसवर चढवते आणि शेवंतीला कुणाची तरी नजर लागली म्हणते. मी हात टेकले या माणसांपुढे.

माझं एक मागणं आहे. मला भंगारात घाला, वितळवून खिळे करा, चालेल. ते जमत नसेल तर यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरींना एवढं सांगा, की आमच्या बायकांना तंबाखू खाता का असं विचारू नका. मशेरी लावता का, असं विचारा. शेवंतीने 'हो' म्हटलं असतं, लगेच, हसत. ती त्या दिवशी खोटं बोलली नव्हती.