पाठमोऱ्या खुर्च्या

त्याने दोन्ही खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि बिट्टीच्या काखेत हात घालून तिला खिडकीकडच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या डाव्या पायाला कमरेपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टा होता. तो पाय स्टुलावर नीट टेकल्यावरच तिने दातांत धरलेली पेन्सिल काढून मागे त्याच्या हातात दिली.

"बाबा, वळून बघायचं नाही."

"नाही बघणार."

"तू बघशील."

"मी कशाला बघू? बघायची सवयच नाही मला."

शाळेकडून दर सोमवारी एक जाड पाकीट यायचं. घरी बसून शिकणाऱ्या मुलांसाठी त्यात भाषेचे उपक्रम असायचे: गोष्टीचा शेवट बदला, घरातल्या मोठ्यांची मुलाखत घ्या, स्वयंपाकघरातले पाच आवाज शब्दांत लिहा. ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते आणि बिट्टीने आठ पाकिटं पुरी केली होती, बहुतेक शेजारच्या काकूंच्या मदतीने. काकू दुपारी डबा गरम करून द्यायला यायच्या आणि तासभर थांबायच्या. आज वारा इतका सुटला होता की साइटवरच्या सगळ्या क्रेन बंद ठेवल्या होत्या, म्हणून क्रेन चालवणारा तिचा बाप अकरालाच घरी आला होता. नववं पाकीट त्याच्या वाट्याला आलं.

उपक्रम सोपा होता. एकाने मनातलं चित्र शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने पाठमोरं बसून ते काढायचं. मग अदलाबदल.

"आधी सराव," बिट्टी म्हणाली. "एक घर काढ."

"किती मजली?"

"बाबा! साधं घर. एक मजली."

त्याने चौकोन काढला आणि हात थांबवला. बराच वेळ कागदावर काही सरकल्याचा आवाज आला नाही, तेव्हा तिने मान वाकडी करून मागे पाहिलं.

"अरे, पुढे काढ की! छप्पर कुठाय?"

"छप्पर तू सांगितलं नाहीस."

"घराला छप्पर असतंच ना!"

"आमच्याकडे शेवटचा मजला होईपर्यंत नसतं."

ती हसली, आणि हसताना पट्टा टोचला म्हणून "आई गं" म्हणाली. तो अर्धवट उठला.

"बस, बस. काही नाही झालं."

एकोणीस वर्षं तो वरच्या केबिनमध्ये बसत होता. निम्मा माल इमारतीच्या पलीकडे उतरवायचा असे, जिथे केबिनमधून काहीच दिसत नाही. कानात फक्त खालच्या माणसाचा आवाज: खाली, खाली, अजून खाली, हळू. आवाज चालू आहे तोवर हात चालू. आवाज तुटला की हात जागच्या जागी. अंदाजाने काम करणारे दोन जण त्याने पाहिले होते, आणि दोघांनाही पुन्हा केबिनमध्ये पाहिलं नव्हतं. घरीही तो असाच वागतो हे बायको गमतीने सांगायची. ती गेल्यालाही आता चार वर्षं झाली होती.

गेल्या रविवारी याच टेबलाशी बसून आत्याने विषय काढला होता. आत्या त्याची थोरली बहीण, तीन तासांच्या अंतरावर राहणारी. पोर दिवसभर भिंतींशी बोलते, हे तिला बघवत नव्हतं. वर्ष संपेपर्यंत बिट्टीला ती आपल्याकडे नेणार होती; तिच्या घरासमोरच शाळा होती, आणि ती स्वतः दिवसभर घरी. "येशील ना गं?" तिने विचारलं होतं. बिट्टीने आधी बापाकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि म्हणाली, "चालेल." तो शब्द कानावर पडताच त्याने स्टूल घेतलं, माळ्यावरची मोठी बॅग उतरवली, ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्या पलंगाखाली सरकवली. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. आत्या उद्या सकाळी दहाला यायची होती.

"आता खरं चित्र," बिट्टी म्हणाली. "एक खोली आहे. डावीकडे खिडकी."

"तुझी डावी की माझी?"

ती थांबली. "तुझी. खिडकीखाली पलंग. पलंगाखाली बॅग."

"केवढी?"

"मोठी. चाकांची."

त्याने चाकं काढली, दोन्ही सारखी व्हावीत म्हणून एक खोडून पुन्हा काढलं.

"उघडी की बंद?"

"बंद. पण रिकामी."

"बंद आहे तर रिकामी कशी दाखवू?"

"ते तुझं तू बघ. पण रिकामी आहे."

तो पेन्सिलीचं टोक गालावर टेकवून बसला. शेवटी त्याने बॅगेची वरची कड जराशी आत दबलेली काढली.

"पलंगावर मुलगी बसलीय. दाराकडे बघतेय."

"दार उजवीकडे?"

"हो. दारात एक माणूस. त्याच्या हातात ओलं फडकं."

खिडकीची काच वाऱ्याने थडथडत होती. त्याने दाराची चौकट काढली. मग उंच माणूस काढला. फडकं काढलं, आणि त्यातून गळणारे दोन थेंब.

"तो काय म्हणतोय?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"काहीतरी म्हणत असेल."

"नाही ना. मुलगी थांबलीय, तो म्हणेल म्हणून. पण तो म्हणत नाही. झालं. एवढंच चित्र."

त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळायला लागली तेव्हा तळहाताने अडवली.

"बिट्टे, तू 'चालेल' म्हणाली होतीस."

"तू लगेच उठून बॅग काढलीस."

दोघांच्याही पाठी खुर्च्यांना टेकलेल्या होत्या. तिने श्वास घेतला की त्याच्या खुर्चीचं लाकूड किंचित करकरायचं. त्याला मागे वळावंसं वाटलं, पण तो वळला नाही. पेन्सिल आणि कोरा कागद त्याने खांद्यावरून मागे दिला.

"आता मी सांगतो."

"सांग."

खालून वर बोलायचं काम नेहमी दुसऱ्या कोणाचं असे. त्याने घसा खाकरला, एकदा, दोनदा.

"दार," तो म्हणाला.

"केवढं?" तिने त्याच्याच आवाजाची नक्कल केली.

"आपलं असतं तेवढं. दारात तुझी आत्या."

"चेहरा कसा?"

"चिडलेला."

"तो मला येतो." मागे पेन्सिल झरझर चालली. "हातात काय?"

"पर्स."

"आणि बॅग?"

"बॅग माळ्यावर."

पेन्सिल थांबली. काच पुन्हा थडथडली.

"माळा कागदात मावत नाही, बाबा."

"मग राहू दे कागदाबाहेर."

तो बोलत राहिला, हळूहळू, एकेक वस्तू जागेवर उतरवावी तसा.

"मुलगी टेबलाशी. पाय स्टुलावर. समोर पाकीट. तो माणूस कामावर गेलाय. दुपारी काकू येतात, त्यांनाही काढ. तो साडेचारला येतो. वारा सुटला तर आधी. बाकीचा वेळ मुलीला कंटाळा येतो. खूप येतो. तेही काढ, खोटं नको. पण… पण तिने इथेच असावं असं त्या माणसाला वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतं. हे काढता येत नसेल तर खाली लिही."

बराच वेळ फक्त पेन्सिलीचा आवाज येत राहिला. ती काढतेय की लिहितेय ते त्याला कळेना. मग तिने नाक ओढलं आणि कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"आत्याला कधी सांगणार?"

"उद्या, आली की."

"तीन तास बसमध्ये आदळत येणार ती, आणि तू तिला दारात सांगणार? मग चिडलेला चेहरा मी काढलाय त्याच्या दुप्पट होईल."

तो हसला नाही. खिशातून फोन काढून हातात धरून बसला.

"तू बोलतेस का आधी? तुझं ती ऐकेल."

"नाही," बिट्टी म्हणाली. "माझं सांगून झालं."

दुसऱ्याच रिंगला आत्याने फोन उचलला. तिच्या आवाजामागे भांडी वाजत होती.

"बरं झालं फोन केलास. तिचे जाड कपडे वेगळे बांध, आणि डॉक्टरांचे कागद वरच्या कप्प्यात ठेव, मागच्या वेळसारखं शोधत बसायला लावू नकोस. आणि ते स्टूल आणायचं की नाही? कारण मी इकडे एक बघून ठेवलंय, त्याच्यावर उशी टाकली की…"

"ताई," तो तिला मध्येच तोडत म्हणाला, "थांब. मला बोलायचंय."